आमेनच्या वेळचं तापमान

टेबलावर पाच ताटं होती, पाच पेले, पाण्याचा एक जग, भाताचं पातेलं, भाजीची कढई आणि तिच्याखाली पप्पांच्या जुन्या शर्टाची घडी. टेबलाभोवती चार खुर्च्या आणि एक स्टूल. माणसं पाच. मिटलेले डोळे आठ. उरलेले दोन माझे.

मी डोळे उघडे ठेवते ते श्रद्धा नाही म्हणून नव्हे. भाजी निवत असते म्हणून.

"…आणि हे दयाळू पित्या," पप्पांची प्रार्थना चालू होती, "या घरात काही जण असे आहेत, की ज्यांना ओला टॉवेल पलंगावर टाकायची सवय आहे. त्यांना तू सद्बुद्धी दे."

"आमेन," मम्मी मधेच म्हणाली. जरा जास्तच जोरात.

दादाने मान आणखी खाली घातली. टॉवेल त्याचा होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि देवालाही असणार. पण 'काही जण' म्हटलं की आमच्या घरात ते वहिनीकडे जातं. वहिनी स्टुलावर ताठ बसली होती. स्टुलाला पाठ नाही, म्हणून ताठ.

पप्पा पुढे आजारी लोकांकडे वळले, मग प्रवासातल्या लोकांकडे, मग मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, छपराच्या कामाकडे. शेवटी आमेन झालं. मी खिशातून थर्मामीटर काढला आणि त्याची सळई भाजीत खुपसली. चव्वेचाळीस अंश.

"झालं हिचं सुरू," मम्मी म्हणाली.

"किती?" वहिनीने विचारलं. रोज तेवढं एकटी वहिनीच विचारते.

मी एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिथून इस्पितळांमध्ये जेवण जातं. जेवणाची प्रत्येक ढकलगाडी निघण्याआधी मी भांड्यात सळई घालून आकडा बघते. त्रेसष्टच्या खाली असेल तर गाडी परत फिरते, पुन्हा गरम होते, मगच जाते. विज्ञानाची पदवी घेऊन मी भाज्या टोचत फिरते असं पप्पा लोकांना सांगतात, आणि सांगताना त्यांना अभिमान असतो की लाज, हे मला आजवर मोजता आलेलं नाही.

पप्पा लिफ्ट दुरुस्त करतात. यंदा मंडळीने त्यांना वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणून निवडलं. म्हणजे घरातले वडील ते होतेच, आता मंडळीतलेही झाले. दादा तेव्हा म्हणाला होता, "आता दोन्हीकडून एकच माणूस रागावणार." त्यावर आम्ही सगळेच हसलो होतो, पप्पासुद्धा. पण वडिलांनी आपलं घर नीट चालवावं अशी मंडळीची अपेक्षा असते आणि पप्पांनी ती फारच मनावर घेतली. प्रार्थना लांबली. आणि तिच्यात घर शिरलं.

आधीही शिरायचं, थोडं थोडं. आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर काही बोलत नाही. आवाज चढवणं बरं दिसत नाही, विश्वासी माणसांना शोभत नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मग बोलायचं ते देवाला सांगायचं, बाकीच्यांच्या देखत. मीठ जास्त झालं तर पप्पा देवाचे आभार मानताना म्हणणार, "जे काही, जसं काही ताटात आहे त्याबद्दल." मम्मीला पप्पांचं घोरणं सहन झालं नाही की ती 'रात्रभर जागणाऱ्या सर्व भगिनींसाठी' प्रार्थना करणार. परीक्षेत मला कमी गुण मिळाले तेव्हा ते संपूर्ण विश्वाच्या निर्मात्याला विषयवार ऐकवण्यात आले होते. आणि प्रार्थनेत उलट उत्तर देता येत नाही. मधे बोलता येत नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं, म्हणजे तसंच होवो. म्हणजे कबूल.

मी प्रार्थनेच्या विरोधात नाही, हे सांगायला हवं. कामावर गाडीत सळई घालण्याआधी मीही मनातल्या मनात दोन शब्द बोलते. ज्याच्या ताटात हे जाणार आहे त्याला बरं वाटू दे, एवढंच. ते मला खरं वाटतं. घरचं आमेन मात्र माझ्या घशात अडकायला लागलं होतं.

एकदा मी पप्पांना सरळ विचारलं. ते दारात बसून बुटांना पॉलिश करत होते.

"पप्पा, आपण प्रार्थना जेवणानंतर करायची का?"

"देवाला उष्टा वेळ द्यायचा?"

"मग आधी, पण थोडक्यात. आमेनच्या वेळेला अन्न पार निवलेलं असतं. वहिनी दिवसभर उभी असते, तिला भूक लागते."

"तिने सांगितलं तुला असं?"

"नाही. मी बघतेय."

"देव तापमान बघत नाही, मन बघतो," ते म्हणाले आणि ब्रश दुसऱ्या बुटाकडे नेला. संध्याकाळी प्रार्थनेत नवीन ओळ आली. "ज्यांना चार बुकं शिकून तुझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं आहे, त्यांना नम्र कर." मम्मी आमेन म्हणाली. त्या दिवशी भाजी एक्केचाळीसला आली होती. मी आकडा कोणाला सांगितला नाही, वहिनीने विचारला तरी.

वहिनी चष्म्याच्या काचा घासते. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिथे ओल्या चाकावर काच धरायची, चौकटीत बसेपर्यंत कडा घासत राहायची. पांढरा गाळ तिच्या बोटांच्या पेरांत बसतो. तिथली खुर्ची मशीनच्या उंचीला जुळत नाही, म्हणून ती उभ्यानेच काम करते. एक दिवस माझं काम लवकर आटोपलं म्हणून मी तिला घ्यायला गेले. ती एक डोळा मिटून काच उजेडाकडे धरून बघत होती.

"नणंदबाई, बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तुला आधी सांगते. मागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्यात आम्ही. तुझ्या दादाने घरमालकाला होकार दिलाय. एक तारखेपासून."

मी खाली पडलेला काचेचा तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. "घरी?"

"घरी तुझा दादा सांगणार आहे."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

"म्हणजे नातवंडं झाल्यावर."

ती हसली. मग हसणं थांबवून काच पुसत राहिली. "मी कंटाळले गं. तुम्ही लोक वाईट नाही. डोळे उघडे असले की पाहुण्यांसारखे गोड वागता. डोळे मिटले की सगळे वकील. माझ्या माहेरी भांडण झालं की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पण ते संपायचं. तुमच्याकडे आमेन म्हटलं की भांडण संपत नाही, सीलबंद होतं."

"मग सांग ना तसं पप्पांना."

"मी? आणि तू काय करणार?"

मला म्हणायचं होतं, तू जाऊ नकोस. तू गेलीस तर त्या टेबलावर 'किती?' असं विचारणारं कोणी राहणार नाही. पण हे तोंडावर म्हणायची मला सवयच नव्हती. मी म्हणाले, "मी प्रार्थना करते तुमच्यासाठी."

तिने काच खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात एक गाडी सत्तावन्नला आली.

"परत," मी म्हणाले.

मुख्य आचारी कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. "पुन्हा लाव."

"लावला. सत्तावन्नच."

"तुझा थर्मामीटर नास्तिक आहे. बाहेर ड्रायव्हर शिव्या घालतोय, आत तू. एवढी देवाधर्माची पोरगी, जरा दया कर."

"करतेय ना. जो खाणार आहे त्याच्यावर."

त्याने डाव ओट्यावर आपटला. माझ्या खानदानाबद्दल, पदवीबद्दल आणि उंचीबद्दल काय काय बोलला. मीही बोलले. ओव्हनचं रबर फाटलंय हे मी दोनदा सांगितलं आणि त्याने दोनदा कानाआड केलं, असं ओरडून सांगितलं. सगळं स्वयंपाकघर ऐकत होतं. गाडी परत गेली, तापली, निघाली. मग त्याने एक चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "रबर उद्या बदलतो. साखर कमी आहे बघ."

चहा पिताना मला विलक्षण राग आला, पण त्याचा नाही. ज्या जागेत देवाचं नाव फक्त टोमण्यापुरतं निघतं, तिथे दोन माणसं भांडून मोकळी होतात. आणि ज्या घरात रोज त्याचं नाव घेतो, तिथे एक ओला टॉवेल वर्षभर वाळत नाही.

त्या आठवड्यात पप्पा रविवारच्या तयारीत होते. उपासनेनंतर नवीन जोडप्यांसमोर त्यांना बोलायचं होतं, विषय 'कुटुंबातली प्रार्थना'. बायबलमधलं वचन त्यांनी स्वतःच निवडलं होतं. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचं. ते आरशासमोर उभं राहून म्हणून बघायचे. मी शेजारून जाताना दात घासण्याचा ब्रश जरा जास्त जोरात चालवायचे. माझा निषेध तेवढाच.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. पाच ताटं, चार खुर्च्या, एक स्टूल. भाजीतून वाफ येत होती. पप्पांनी डोळे मिटले आणि त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

"हे पित्या, या एका छपराबद्दल, या एका टेबलाबद्दल तुझे उपकार. ज्यांना हे छप्पर अपुरं वाटतं, जे लपूनछपून दुसरी छपरं बघत फिरतात, आणि ज्यांच्याबद्दल आम्हाला मंडळीतल्या लोकांकडून ऐकावं लागतं, त्यांची मनं तू मऊ कर. रविवारी मी तुझ्या लोकांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, हे तूच मला सांग…"

दादाचे कान लाल झाले होते. मम्मीने नाक ओढलं. पप्पा बराच वेळ बोलले. वाफ थांबली. मग ते म्हणाले, "आता सूनबाई प्रार्थना संपवेल."

हा डाव मला समजला. तिने डोळे मिटून क्षमा मागायची, आपण आमेन म्हणायचं, आणि एक तारीख येऊन निघून जायची.

वहिनीने एक श्वास घेतला.

"प्रभू," ती म्हणाली, "तो टॉवेल माझा नाही."

कोणीतरी पेल्याला धक्का दिला. बहुतेक दादाने.

"तू जाणतोस. मी माझा टॉवेल बाहेर दोरीवर टाकते. तो ज्याचा आहे तो वर्षभर माझ्या शेजारी बसून गप्प आहे, त्याला तू बोलायला शिकव. आणि प्रभू, मी दिवसभर उभी असते. या टेबलाला चार खुर्च्या आहेत. लग्नाला एवढे दिवस झाले, पाचवी कोणी आणली नाही. मी मागितली नाही, ही माझी चूक. पण या घरात मागायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. या स्टुलावर मी तुझं नाव ऐकते तेव्हा माझं लक्ष तुझ्याकडे नसतं, कमरेकडे असतं. मला तुझा कंटाळा यायला लागलाय, प्रभू. त्याची मला भीती वाटते. म्हणून आम्ही जातोय. छप्पर अपुरं आहे म्हणून नाही."

आणि ती थांबली.

आम्ही आमेनची वाट बघत होतो. ती म्हणेना. ती म्हणाली नाही तर दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं होतं, पण जो म्हणेल त्याने हे सगळं कबूल केलं असं झालं असतं. मम्मीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. डोळे उघडायचे की नाही, जेवायचं की नाही, काहीच ठरेना. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबल्यासारखं झालं.

मी बघितलं. पप्पांचे डोळे उघडे होते. ते स्टुलाकडे बघत होते. प्रार्थनेत पप्पांचे उघडे डोळे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की पप्पांचा एक आवाज असतो. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर होते तेव्हा ऐकलाय. आतली बाई रडत होती आणि पप्पा दाराच्या फटीला तोंड लावून अगदी सावकाश बोलत होते. घरी तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"सूनबाई," ते त्या आवाजात म्हणाले. "नेमकं काय काय झालंय ते सांग. एक एक करून सांग."

वहिनीचे डोळे अजून मिटलेले. "सांगितलं, पप्पा."

"देवाला सांगितलंस. मला सांग."

तिने डोळे उघडले. आणि मग जे झालं ते गोड नव्हतं. तिने खरंच एक एक सांगितलं, आणि आवाज चढत गेला. मम्मी म्हणाली की या घरात तिलाही कोणी कधी विचारलं नाही, आणि रडायला लागली. दादा म्हणाला, टॉवेल माझा आहे, माझा आहे, माझा आहे, जणू एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. पप्पांचा लिफ्टचा आवाज लवकरच संपला. ते म्हणाले, "म्हणजे मी रविवारी मंडळीपुढे उभंच राहू नये का?" मी म्हणाले, "उभे राहा, पण हे सांगा." ते म्हणाले, "तू भाज्या टोच." मी म्हणाले, "टोचते! आणि वहिनी, तू जाऊ नकोस!" हे मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी जाणार आहे," वहिनी म्हणाली. "पण हे तू मला दुकानातच म्हणायला हवं होतंस."

शेजारच्यांनी खिडकी लावल्याचा आवाज आला. वहिनीने तिकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. पप्पांना फुटलं नाही.

"एवढं काय आहे त्या स्टुलात?" ते उठता उठता म्हणाले. "वर्कशॉपमध्ये मी आयुष्यभर स्टुलावर बसलोय. उद्या मी बसून दाखवतो."

त्या दिवशी आमेन कोणीच म्हणालं नाही. भाजी मम्मीने पुन्हा तापवली आणि ज्याने त्याने आपापल्या वेळेला खाल्ली. मी सळई घातली नाही.

शनिवारी पप्पा खरंच स्टुलावर बसले. वहिनीला हाताने आपली खुर्ची दाखवली. ती बसली, पण अर्ध्याच खुर्चीवर, उठून जायच्या तयारीत असल्यासारखी. एक तारीख बदललेली नव्हती. दादाने सकाळीच दोन खोके आणून पलंगाखाली सरकवले होते आणि मम्मीने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. टॉवेल बाहेर दोरीवर होता.

"हे दयाळू पित्या," पप्पांनी सुरुवात केली. आवाज कोरडा होता. उपकार मानून झाले. आजारी लोक झाले. कुठे टोमणा येतो म्हणून मी वाट बघत होते. पप्पा एका बाजूला सरकले, मग दुसऱ्या. स्टूल करकरलं. प्रवासातल्या लोकांपर्यंत आल्यावर त्यांनी एक हात कमरेवर ठेवला.

"प्रवासात असलेल्या सर्वांना," ते म्हणाले, आणि थांबले. "आणि जे निघणार आहेत त्यांनाही…"

पुढचं वाक्य येत नव्हतं. मंडळीचं छप्पर अजून राहिलं होतं.

"येशूच्या नावाने. आमेन."

"आमेन," दादा म्हणाला. मग मम्मी. मग मी. वहिनी सगळ्यात शेवटी, हळू.

मी थर्मामीटर काढला आणि भाजीत धरला. आकडा चढत गेला, अडखळला, थांबला.

"किती?" पप्पांनी विचारलं.

"एकोणसाठ."